धावून आल्यावरचं तोंड

मद्रासेत तेव्हा दारूबंदी होती, आणि माझं तोंड लाल होतं. नोकरी जायची वेळ आली ती एवढ्यावरून.

शहराबाहेर आवडी नावाच्या गावाच्या बाजूला एका कारखान्यात मी पहारेकरी म्हणून लागलो. पाचवीतून शाळा सोडलेल्या माणसाला घरापासून इतक्या लांब कोणी पगार देतंय, याचंच मला अप्रूप. काहीतरी चुकेल आणि परत जावं लागेल ही धास्तीही पहिल्या दिवसापासूनच. कायम व्हायचं तर सकाळची कवायत आणि मैदानाच्या फेऱ्या चुकवून चालत नव्हतं. धावणं मला जमायचं. मी घाटाखालचा, पाय चांगले. सराव म्हणून उजाडायच्या आधी घरामागच्या रस्त्यावरही धावून यायचो. पण थोडं धावलं की गाल आणि नाक पेटायचं, कुणी तापलेला तवा तोंडासमोर धरावा तसं. इतरांची लाली घाम पुसेपर्यंत उतरायची, माझी जेवणाच्या सुट्टीपर्यंत तशीच. डोळे तांबारलेले, नाकावर बारीक पुळ्या.

बरोबरचे पहारेकरी ते हसण्यावारी न्यायचे. एक जण तर रोज मला बाजूला घेऊन अगदी गंभीरपणे विचारायचा की तंबी, एवढ्या सकाळी कुठं मिळते, धाकट्या भावानं थोरल्याला पत्ता सांगायला नको का. मीही हसायचो. कवायत घेणारे जमादार मात्र हसत नव्हते. रांगेतून जाताना ते माझ्यापुढे जरा जास्त वेळ थांबायला लागले. मी घाबरलो, आणि तोंडाला कसलाच वास नको म्हणून कवायतीआधी वेलदोडा चघळायला लागलो. चोरून पिणारे नेमकं तेच करतात हे मला कुठं ठाऊक! एका सकाळी जमादारांनी मला तोंड उघडायला लावलं, जवळ येऊन वास घेतला आणि मागे सरकले.

"इलायची," ते म्हणाले. "अब समझा."

दोन दिवसांनी साहेबांपुढे उभं राहायचं, तोवर कामावर यायचं नाही, असं मला सांगण्यात आलं.

खोलीवर आलो. खुंटीजवळच्या आरशात सहज पाहिलं, तर आत वडील उभे होते.

वडील व्यापाऱ्यांची ओझी घाटातून वर नेत. संध्याकाळी परतायचे ते हेच तोंड घेऊन. हेच गाल, हेच नाक, हेच पाणावलेले डोळे. हा वरच्या गावात पिऊन येतो, असं गावानं ठरवून टाकलं होतं. एकदा त्यांनी देवापुढच्या दिव्यावर हात धरून आईला सांगितलं की मी शिवत नाही. तिनं त्यांच्याकडे न बघता ताट वाढलं. पुढं व्यापाऱ्यांनी ओझी देणं बंद केलं, प्यालेला माणूस मालासकट दरीत जायचा म्हणून. शाळेत मला माझ्या नावानं कुणी हाक मारेना, तेव्हा मी दप्तर घरी आणलं ते परत नेलं नाही. वडील गेले त्या दिवशी तिरडीवर त्यांचं तोंड मी पहिल्यांदाच पांढरं पाहिलं. जमलेल्या बायकांतली एक दुसरीच्या कानाशी लागून म्हणाली, "आत्ता उतरली बघ."

ते वाक्य माझ्याबरोबर मद्रासपर्यंत आलं होतं.

मी ज्यांच्याकडे भाड्यानं राहायचो त्या आक्का तंजावरकडच्या मराठी. पिढ्यान्पिढ्या तिकडच्याच, त्यामुळे त्यांचं मराठी जुन्या पोथीतलं आणि हेल तमिळ. त्यांचा मुलगा आमच्याच कारखान्यात कारकून होता. मी दार लावून बसलोय हे पाहून त्यांनी बाहेरूनच विचारलं काय झालं. तोंड दाखवायची लाज वाटत होती म्हणून मी दाराआडूनच सगळं सांगितलं. वडिलांचंही. मग त्या म्हणाल्या, "पहाटे मी विहिरीपाशी असतें की रे. तू जातांना तोंड पांढरें, येतांना तांबडें. मधें कोठें पितोस? रस्त्यांत काय ताडीचा पाट वाहतो?"

आणि त्यांनी मुलाला कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे पिटाळलं. सांगायला एवढंच, की पोराला तुमच्या डोळ्यांदेखत पळवून बघा.

डॉक्टरांनी ऐकलं. हे उपकार मी विसरलेलो नाही, कारण न ऐकणंच सोपं होतं. ठरल्या दिवशी सकाळपासून त्यांनी मला दवाखान्याच्या बाकावर बसवून ठेवलं, खायला-प्यायला काही नाही. जमादारांना बोलावलं, माझं तोंड उजेडात दाखवलं, वास घ्यायला लावला. मग मला म्हणाले, धाव.

जन्मभर जे लपवलं ते त्या दिवशी मला हवं होतं. पहिल्या फेरीला वारा सुटला आणि गाल गारच राहिले. आज नेमकं येणार नाही, या भीतीनं मी जीव खाऊन पळालो. मग नाकाच्या शेंड्यापासून ती ओळखीची आग चढायला लागली, आणि मला रडू आलं.

डॉक्टरांनी माझी हनुवटी धरून जमादारांकडे वळवली. दुखण्याचं इंग्रजी नाव सांगितलं, रोझेशिया की असंच काहीतरी. चेहऱ्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या फुलतात आणि लवकर मिटत नाहीत. ऊन, तिखट, गरम कॉफी, धावणं, कशानंही. दारूनंही होतं, पण दारूचा थेंब न घेताही होतं. जमादारांनी खाली पाहिलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. साहेबांपुढे उभं राहायची वेळ आलीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी रांगेत जमादार माझ्यापुढे थांबले नाहीत.

व्यायाम सोडू नकोस, डॉक्टर म्हणाले होते, फक्त उन्हाच्या आधी कर, मधे मधे थांब, मानेवर ओला पंचा ठेव. गरम कॉफीऐवजी आक्का ताक द्यायला लागल्या. वर्ष सरलं, मी कायम झालो. आईला आनंदानं कळवलं. दुखण्याचं काही कळवलं नाही. तिच्यापुढे आता ते कुठल्या तोंडानं मांडणार होतो?

माझ्या वडिलांना कुणी पळवून पाहिलं नाही. दारूनंही होतं, असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणजे मला खात्रीनं आजही काही सांगता येत नाही. दिव्यावर धरलेला तो हात तेवढा दिसत राहतो.

अजून मी पहाटे धावतो, पंचा भिजवून, मधे मधे थांबत. गाल गरम व्हायच्या आत परत फिरायचं, हे अंगवळणी पडलंय. पण एखाद्या दिवशी मी फिरत नाही. आणखी थोडं पळतो, आग चढू देतो, आणि घरी येऊन आरशापुढे उभा राहतो. ते आलेले असतात. मी काही विचारत नाही. लाली उतरायला लागली की मात्र मी मान वळवतो. त्यांचं पांढरं तोंड मी एकदा पाहिलंय.