काकूंना फक्त सुटायचं होतं

टायरच्या दुकानावर एक लांबट खोली होती. संध्याकाळी तिथे कुंग फूचा वर्ग भरायचा. शिकवणारे सर दिवसभर इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करत, म्हणून सगळे त्यांना लिफ्टवाले सर म्हणत. माणूस बुटका, अंगाने काडी. पण त्यांचा हात हाताला लागला की खांबासारखा धिप्पाड गडीसुद्धा आपण मागे कधी सरकलो हे न कळता भिंतीला जाऊन टेकायचा.

त्या खोलीच्या दारात काकू पहिल्यांदा उभ्या राहिल्या तेव्हा सरांना वाटलं, कुणाची तरी आई पोराला न्यायला आली आहे.

"कुणाला हाक मारू?" त्यांनी विचारलं.

"कुणाला नको. मीच आलेय. शिकायला."

आतली पोरं एकमेकांकडे बघायला लागली. काकू साठीला टेकलेल्या, केस पिकलेले, चष्म्याची दोरी गळ्यात. तयार कपड्यांच्या एका दुकानात, मागच्या बाजूला, त्या अल्टरचं काम करायच्या. कुणाच्या पँटची उंची कमी कर, कुणाच्या कोटाची बाही चढव, लग्न ठरलेल्या मुलीचा झगा कंबरेत आत घे. दिवसभर तोंडात टाचण्या आणि पायाखाली मशीन. त्या दुकानात मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना काकूच म्हणायचे.

"काय शिकायचंय नेमकं?" सरांनी विचारलं.

"कुणी मनगट धरलं तर सोडवायचं. गळा धरला तर सोडवायचं. तेवढंच. मारामारी नको मला."

पोरं हसली. सर हसले नाहीत. दिवस उकाड्याचे होते आणि काकूंच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या. चष्मा सावरताना एक बाही जराशी वर गेली, आणि सरांना तिथे चार बोटं उठलेली दिसली. जांभळी, स्पष्ट.

"चपला काढा आणि या आत," ते म्हणाले.

पहिले काही दिवस नुसतं उभं राहण्यातच गेले. गुडघे किंचित आत, वजन खाली, पाठ ताठ. काकूंची कंबर बोलायला लागली. मग कोपर. कोपर बरगडीपाशी ठेवायचं, पंखासारखं फाकवायचं नाही. मग मनगट. सरांनी काकूंचं मनगट धरलं आणि म्हणाले, "ओढा बघू." काकूंनी जिवाच्या आकांताने ओढलं. काही झालं नाही.

"ओढाओढीत ताकदवानच जिंकतो. पकड कितीही घट्ट असू दे, ती अंगठ्यापाशी कच्ची असते. चार बोटांची भिंत, पण अंगठ्याकडे फट. हात तिकडे वळवा आणि निसटा. लोण्यातून केस काढतात ना, तसं."

काकूंनी वळवला. हात सुटला. त्यांनी आपल्या मनगटाकडे असं बघितलं, जणू ते दुसऱ्याच कुणाचं होतं.

"आता त्याच्याबरोबर ओरडायचं. जोरात. सोड!"

काकूंचं तोंड उघडेना. सरांनी परत धरलं. "ओरडा, काकू!"

"अहो, सोडा ना!" काकू ओरडल्या.

सगळा वर्ग पोट धरून हसला. "काकू, अंगावर आलेल्या माणसाला अहोजाहो?" एक मुलगा म्हणाला. काकूही हसल्या. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या. बराच वेळ पुसत होत्या.

पोरं गेल्यावर सर पाण्याचा पेला घेऊन शेजारी बसले. "घरचं कुणी आहे का?"

"आमचे हे."

"दारू?"

"छे हो! उभ्या जन्मात थेंबाला शिवले नाहीत." काकूंना आपल्या नवऱ्याबद्दल असं कुणी नुसतं विचारलेलंही लागलं. "गल्लीत कुणालाही विचारा. त्यांच्यासारखा माणूस नाही मिळायचा."

आणि ते खरंच होतं. काकांचं दोन खुर्च्यांचं सलून होतं. किती माणसांच्या गळ्यावरून त्यांचा वस्तरा फिरला असेल, गणती नाही, पण रक्ताचा थेंब काढला असं कधी झालं नाही. रडणारी पोरं त्यांच्या खुर्चीत बसली की गप्प व्हायची. काका आधी त्यांच्याशी बोलायचे, मग कात्री नुसतीच वाजवून दाखवायचे, आणि मग पोराला कळायच्या आत केस खाली पडलेले असायचे. घरी तर आवाज चढवणं त्यांना माहीतच नव्हतं. काकूंवर चिडले की फार तर न बोलता बाहेर जाऊन एक फेरी मारून यायचे.

एक दिवस अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक खुर्चीत तसंच सोडून ते दुकानाबाहेर पडले आणि भलत्याच रस्त्याला लागले. तिथून सुरुवात झाली. मग दुकान बंद झालं. डॉक्टरांनी सांगितलं, हा मेंदूचा आजार आहे. अलीकडचं आधी पुसत जाईल, मग मागचं. औषधाने थोडं रेटता येईल, थांबवता येणार नाही.

एका दुपारी काकू कामावरून घरी आल्या, तर काका दारात आडवे उभे. "कोण तुम्ही? कोण पाहिजे?"

लग्न झाल्यापासून काकू त्यांच्यासाठी नुसत्या "अगं" होत्या. अगं ऐकलंस का, अगं पाणी दे, अगं झोपलीस का. त्या दिवशी त्यांची "अहो बाई" झाली. घरात घुसलेली परकी बाई. काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि काकांनी तो हात धरला. जन्मभर कात्री चालवलेली बोटं ती. काकूंना ती सोडवेनात.

"अवघड जागेचं दुखणं आहे हो," काकू सरांना म्हणाल्या. "सांगता येत नाही आणि सोसवत नाही. लेक तिकडे लांब नांदते, तिला कळलं तर ती त्यांना कुठेतरी ठेवा म्हणेल. म्हणून म्हटलं, मला लागणार नाही आणि त्यांनाही लागणार नाही, असं काही असलं तर शिकवा."

सरांनी हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "आहे. पण वेळ लागेल."

त्यांनी काकूंना हाताला हात चिकटवून ठेवायला शिकवलं. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, मनगटाला मनगट टेकवायचं आणि सोडायचं नाही. समोरचा ढकलेल तर त्याच्याबरोबर मागे यायचं, तो मागे जाईल तर त्याच्याबरोबर पुढे. डोळे मिटले तरी चालतील, सगळं कातडीला कळतं. काकूंना ते पटकन जमलं. कापड सुईखालून सरकवताना ओढायचं नसतं, त्याच्याबरोबर जायचं असतं, ही सवय त्यांच्या बोटांत होतीच.

घरी काका उठून अंगावर आले की काकू आता मागे पळायच्या नाहीत. आपला हात त्यांच्या हाताला अलगद चिकटवायच्या. ते ढकलत, या वळत. ते ओढत, या सोबत जात. थोड्या वेळाने काका दमायचे आणि भांडण कशावरून चाललंय तेच विसरायचे. कधी कधी तर दोघं खोलीच्या मधोमध नाचत असल्यासारखे दिसायचे, आणि काका हसायला लागायचे. शेजारणीने एकदा खिडकीतून बघितलं आणि म्हणाली, "काय गं, म्हातारपणी थेर सुचताहेत!" काकूंनी पदरचं काहीतरी सांगून तिला वाटेला लावलं. तो काळ बरा गेला.

त्याच काळातली एक गोष्ट काकूंच्या मनातून कधी गेली नाही. काकूंच्या गळ्यावर एक जुना वळ उरला होता, हिरवट पडलेला. काका खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत होते. एकदम म्हणाले, "बाई, तुम्हाला कुणी मारलं?"

"कुणी नाही हो. भांडं लागलं."

"भांड्याला बोटं असतात होय?" काका उठले. "नाव सांगा त्याचं. घाबरू नका. बाईमाणसावर हात टाकतो म्हणजे काय! मी बघतो त्याच्याकडे."

आणि ते पायात बूट चढवायला लागले. उजवा डाव्या पायात जाईना, तेव्हा काकूंनी खाली बसून नीट घालून दिला, नाडी बांधली. दोघं रस्त्यावर निघाले, काकूंना मारणाऱ्याला शोधायला. काका प्रत्येक पुरुषाकडे रोखून बघत होते. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत गेले, तिथे थांबले, दमले.

"आज नाही सापडला," ते म्हणाले. "उद्या बघू. तोवर एकट्या फिरू नका."

"बरं," काकू म्हणाल्या. आणि त्यांच्या दंडाला धरून त्यांना घरी घेऊन आल्या.

वर्ग चालूच होता. काकूंना गुद्दे शिकायचे नव्हते, पण सर म्हणाले, "सगळ्यांबरोबर सराव करावा लागेल. नुसतं अर्धं शिकून हात नीट होत नाहीत." जवळून मारायचा गुद्दा. हात मागे न्यायचा नाही, छातीसमोरून निघायचा, मधल्या रेषेतून सरळ, आणि एकामागून एक. काकू भिंतीवरच्या वाळूच्या पिशवीसमोर उभ्या राहायच्या. आधी संकोचाने, मग जोरात. खोटं कशाला बोला, काकूंना ते आवडायला लागलं. डॉक्टरांना, त्या आजाराला, फोनवर "कशी आहेस आई" एवढंच विचारणाऱ्या लेकीला, सगळ्यांना त्या पिशवीत गाठायच्या. घाम निथळायचा. घरी जाताना अंग हलकं वाटायचं.

काकांची दाढी आता काकूच करायच्या, मोरीशेजारच्या बेसिनपाशी, स्टुलावर बसवून. बहुतेक दिवशी काका मान वर करून शांत बसायचे. त्या सकाळीही बसले होते. अर्ध्या गालाचा फेस निघाला होता. काकूंनी पातं गळ्याकडे नेलं आणि काकांचे डोळे बदलले. परकी बाई, हातात पातं, आपला गळा. त्यांनी काकूंचं मनगट धरलं, दुसऱ्या हाताने गळा धरला.

काकूंनी काही ठरवलं नव्हतं. मनगट अंगठ्याकडून सुटलं, पातं खाली पडलं. तिथे थांबलं असतं तर सगळं निभावलं असतं. पण दुसरा हात आपोआप निघाला होता. छातीसमोरून, आखूड, सरळ, शिकवलेला तसा.

काका स्टुलावरून मागे गेले, बेसिनच्या कडेवर मनगट आपटलं आणि खाली बसले. ओठ फुटला होता. पांढऱ्या फेसात लाल उतरत होतं. काकू पुढे झाल्या, तसा त्यांनी चांगला हात तोंडावर आडवा धरला.

"मारू नका, बाई," ते म्हणाले. "मी काही केलं नाही हो. मारू नका."

मनगटाचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात विचारलं तेव्हा काकूंनी सरळ सांगितलं, मी मारलं. तिथल्या नर्सला वाटलं, धक्क्याने काहीतरी बोलताहेत. लेक मिळेल त्या गाडीने आली. आईच्या बाह्या वर करून तिने बघितलं आणि तिचं धाबं दणाणलं.

"आई, मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं होतं? तुझे बाबा मला मारतात, असं? ते तुझे बाबा होते का मारताना?"

लेक रडली आणि मग कामाला लागली. महिना व्हायच्या आत काका एका शुश्रूषागृहात गेले. जागा स्वच्छ होती, माणसं बरी होती.

काकू दुकान सुटलं की तिकडे जायच्या. पण काकांना त्या जवळ नको होत्या. तिथला दांडगा मदतनीस त्यांना आंघोळ घालायचा, भरवायचा, ते गप्प ऐकायचे. काकू हातभर अंतरावर आल्या की प्लास्टरचा हात तोंडावर यायचा. सकाळचं जेवण त्यांना दुपारी आठवत नव्हतं. लेकीचं नाव गेलं, स्वतःचं दुकान गेलं, लग्न तर केव्हाच गेलं होतं. तो एक गुद्दा तेवढा राहिला. त्यामुळे काकू खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसायच्या, भेटीची वेळ संपेपर्यंत, आणि उठून यायच्या.

लिफ्टवाले सर एकदा घरी आले. दारातच म्हणाले, "माझं चुकलं, काकू. मी तुम्हाला ते शिकवायला नको होतं."

"तुमचं काही चुकलं नाही. चांगलं शिकवलंत. म्हणून तर लागलं." काकूंनी त्यांना चहा दिला. वर्गाला परत या असं सर म्हणाले नाहीत, आणि काकूंनीही विषय काढला नाही.

शेवटी त्या मदतनीसानेच सुचवलं. "समोरून येऊ नका, मावशी. मागून या. त्यांचे केस वाढलेत, आणि मला काही ते जमत नाही."

काकूंनी आपली कपड्यांची कात्री नेली नाही, काकांच्या दुकानातली नेली. मागून जाऊन त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं. काकांनी सवयीने मान खाली घातली, जशी गिऱ्हाइकं त्यांच्यासमोर घालायची.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "नवीन आहेस का रे?"

काकू बोलल्या नाहीत. आवाज ओळखला तर हात वर येईल, ही धास्ती.

"हात हलका आहे तुझा. कानामागे जपून. तिथे कातडी पातळ असते." मग जरा थांबून, "आटप लवकर. घरी बायको वाट बघत असेल. जेवायची थांबते ती माझ्यासाठी."

काकूंनी कात्री चालू ठेवली.

त्यानंतर त्या येतील तेव्हा मागूनच यायच्या. एवढे केस वाढतात कुठे? कापायला काही उरलं नाही की त्या नुसतीच कात्री हवेत वाजवायच्या, आणि दुसरा हात त्यांच्या डोक्यावर ठेवायच्या. काका डोळे मिटून बसायचे.

थंडी सरता सरता छातीत कफ झाला आणि काका गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. निरोप आला तेव्हा काकू एका कोटाला अस्तर लावत होत्या. टाचण्या तोंडातून काढून त्यांनी डबीत ठेवल्या, मशीन झाकलं आणि निघाल्या.

कफाचं कळून लेक आदल्या दिवशीच आली होती, ती खोलीतच होती. काका पाठीवर निजवलेले होते, चादर गळ्यापर्यंत. काकू दारात थबकल्या. मग किती दिवसांनी त्या समोरून चालत गेल्या, पार पलंगापर्यंत, आणि त्यांच्या तोंडावर वाकल्या. दाढीचे खुंट वाढले होते. ओठावर बारीक पांढरी रेघ होती.

काकूंनी चादरीखालून त्यांचा हात काढला आणि मनगटाला मनगट टेकवलं. काही ढकलत नव्हतं, काही ओढत नव्हतं.

"आई, चल," लेक म्हणाली. "ते लोक थांबलेत."

"थांबू दे," काकू म्हणाल्या, आणि तशाच बसून राहिल्या.