सारवताना सापडलेला ठेका

लग्न होऊन मी वडशाला आले तेव्हा आमच्या ह्यांना एकच वेड लागलं होतं, बेसचं. हे भातगिरणीत मोटारी दुरुस्त करायचे. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुवायच्या आधी टेप लावायचे. टेपला जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी स्वतः जुळवलेला. मोठ्या स्पीकरचा बॉक्सही त्यांनीच, एका जुन्या दाराच्या सागवानी फळ्या कापून केला होता. आवाज घुमू नये म्हणून आत सरकी काढलेला कापूस भरला होता. एवढं करूनही मनासारखा बेस काही लागत नव्हता. बॉक्स कधी फळीवर, कधी खिडकीत, कधी खुर्चीवर चढायचा. हे कान लावून बसायचे आणि मान हलवायचे, "नाई. ढोलकी टिनाच्या डब्यावानी वाजून राह्यली."

हे सगळं चालायचं त्याच खोलीत भिंतीला लागून एक लाकडी तखत होतं. त्यावर माझे सासरे बसलेले असायचे. मी त्यांना मामाजी म्हणायची. तरुणपणी मामाजी झाडीपट्टीच्या नाटकांत ढोलकी वाजवायचे. हिवाळा लागला की गावोगावची बोलावणी यायची. मग हळूहळू ऐकू येणं कमी झालं. एका नाटकात गाणं संपलं तरी मामाजींची ढोलकी सुरूच राहिली. सगळा मांडव हसला. त्यांनी तिथेच ढोलकी खाली ठेवली, पुढे कोणाला तरी देऊन टाकली, आणि त्यानंतर नाटकाच्या वाटेला गेले नाहीत. हे मला ह्यांनी सांगितलं. मामाजी स्वतः त्याबद्दल कधी बोलले नाहीत. मी आले तोवर त्यांच्या कानाशी ओरडून बोलावं लागायचं.

दिवाळीच्या आधी मी ती खोली सारवायला काढली. मामाजी बाहेर उन्हात बसले होते. धानाची कोठी ह्यांनी रिकामी करून अंगणात नेली, बाकीचं सामानही बाहेर गेलं. तखत जड, ते जागेवरच राहिलं. बॉक्स कुठे ठेवावा म्हणून मी तो तखतावरच ठेवला. ह्यांना सुट्टी होती. त्यांनी टेप लावून दिली आणि ते अंगणात कोठीला लिंपण करायला बसले. जयंतीला वस्तीत वाजतात त्या गाण्यांची कॅसेट होती, ढोलकी भरपूर.

मी आतल्या कोपऱ्यापासून सारवायला सुरुवात केली, जिथे कोठी असायची. बसल्या बसल्या एकदम ढोलकीचा आवाज छातीत आला. शेणाच्या घमेल्यातलं पाणी थरथरत होतं. मला वाटलं, ह्यांनी आवाज वाढवला. सारवत सारवत खोलीच्या मधोमध आले तर ढोलकी जणू कोणी उचलून नेली. गाणं ऐकू येत होतं, पण ठेका पातळ. पुन्हा कोपऱ्यात गेले. पुन्हा छातीत धम्म.

मी हाक मारली, "अजी, इकडे या बरं. पण पाय जपून ठेवा, ओलं हाय."

हे भिंतीच्या कडेने आले. मी म्हटलं, "इथी बसा खाली."

"कायले?"

"बसा तर."

हे कोपऱ्यात उकिडवे बसले. मग उठून मधे गेले, वाकले, परत आले. माझं अर्धं सारवण त्यांच्या पावलांनी खराब झालं.

"अवं, बॉक्स तिथी हाय अन् बेस इथी पडून राह्यला," हे म्हणाले. "मंग बॉक्स इथी आणला तं बेस तखतावर, बाबाच्या जाग्यावर जाईन. ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं जाईन ना!"

जमीन वाळल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही बॉक्स कोपऱ्यात, विटांवर ठेवला. कोठी स्वयंपाकघरात गेली, मला चुलीपाशी वळायला जागा उरली नाही. मामाजी नेहमीसारखे येऊन तखतावर बसले. ह्यांनी टेप लावली. आम्ही दोघं त्यांना काही बोललो नाही, नुसते दारात उभे राहिलो.

मामाजींनी आधी तखताच्या फळीकडे पाहिलं, खाली काही आहे का म्हणून. मग पंजा फळीवर पालथा ठेवला. काही वेळाने त्यांची बोटं हलू लागली. गाण्याच्या शेवटाला त्यांनी हात उचलला, अगदी ढोलकीबरोबर.

"हा वाजवणारा घाई करून राह्यला," ते म्हणाले. "कडव्यात धावते."

हे आत जाऊन त्यांच्या कानाशी मोठ्याने बोलले, "बाबा, आयकू आलं काय तुमाले?"

"आयकू नाई आलं. समजलं."

आमचे हे डोळे पुसत अंगणात निघून गेले. मी कॅसेट उलटी करून लावली.

त्यानंतर रोज संध्याकाळी मामाजी स्वतःच म्हणायचे, "लाव पोरी तुई ते मशीन." कोणाच्या हातात वजन आहे, कोण बोल एकात एक मिसळून नुसता चिवडा करतो, हे ते मला सांगायचे. मला ठेक्यातलं काही कळत नव्हतं. पण भाकरी थापताना माझा हात आपोआप त्याच ठेक्यावर पडू लागला. इतका बोलका माणूस आमच्या घरात होता, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

पौषात वडशाच्या एका गोदामात नाटकाची तालीम सुरू झाली. मामाजींनी एका दुपारी धोतर बदललं, टोपी घातली आणि ह्यांना म्हणाले, "चाल, मले घेऊन चाल." मीही निघाले. लाकडी पाट्यांचा मंच उभा केला होता. मामाजींना खुर्ची दिली, त्यांनी ती बाजूला सारली. चपला काढल्या आणि वाजवणाऱ्यांच्या शेजारी पाट्यांवर मांडी घालून बसले. दोन्ही हात खाली टेकवले. गाणं झाल्यावर ढोलकीवाल्यानेच ढोलकी त्यांच्यापुढे सरकवली. "काका, दोन हात मारा," असं त्याने खुणेने सांगितलं.

मामाजींनी ढोलकीच्या चामड्यावरची शाई चाचपली, ताणाची वादी ओढून पाहिली. तबलेवाल्याला जवळ बसवलं, ठेका समजावा म्हणून त्याचा डग्गा आपल्या गुडघ्याला टेकवून घेतला. मग वाजवू लागले. मी त्यांना वाजवताना पहिल्यांदाच बघत होते. पाठ ताठ झाली होती, ओठ घट्ट मिटलेले. गाणं थांबलं तेव्हा त्यांचा हातही थांबला. त्यांनी वर पाहिलं. कोणी हसत नव्हतं.