मिठाचा परिणाम होत नाही

नव्वदच्या दशकात कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी पीएच.डी. करत होतो. विषय सांगितला की नातेवाईक जेवणाच्या पंगतीत जागा बदलायचे. पाण्यात एक रसायन विरघळवायचं, थेंबभर निळा रंग घालायचा आणि दिव्याचा उजेड सोडायचा. रंग उजेड शोषतो, रसायनाचे रेणू साखळीसारखे जोडले जातात, पाणी पाकासारखं घट्ट होतं. त्यात मीठ घातलं तर घट्ट होण्याचा वेग बदलतो का, एवढंच मला शोधायचं होतं.

सरांना, म्हणजे माझ्या गाईडना, उत्तर आधीच माहीत होतं: बदलत नाही. तसं परिषदेला कळवूनही झालं होतं. प्रयोग तेवढा राहिला होता.

खंडेनवमीला विभागातली उपकरणं पुजली जायची. तराजूला झेंडू, दिव्याला हळदकुंकू, डिस्टिल्ड वॉटरच्या यंत्रापुढे नारळ. सर विज्ञाननिष्ठेवर दहा मिनिटं बोलले आणि मग त्यांनीच आरती ओवाळली. नवमी आणि दसरा, दोन्ही दिवस मी रीडिंग घेत बसलो. मिठाची आणि बिनमिठाची बाटली बरोबरच घट्ट झाली. सर परिषद गाजवून आले.

दिवाळीनंतर सहज तोच प्रयोग पुन्हा केला, तर मिठाची बाटली कितीतरी आधी घट्ट झाली. दोनदा केला, तेच. मी प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या मामांना गाठलं.

"मामा, नवमीला पाण्याचा कॅन कुणी भरला?"

"म्याच की. टाकीतनं."

"यंत्रातनं का नाही?"

"पुजलेल्या यंत्राला हात लावत न्हाईत. एवढं शिकलासा, ह्ये ठावं न्हाय व्हय?"

टाकीत बोअरचं पाणी, किटलीला पांढरा थर चढवणारं. म्हणजे माझ्या बिनमिठाच्या बाटलीतही क्षार होतेच, म्हणून दोन्ही बरोबर घट्ट झाल्या. त्या वर्षी विभागात विचारल्यावर खरं सांगणारे मामा एकटेच.

नवा आलेख घेऊन मी सरांकडे गेलो. त्यांनी तो उलटा ठेवला.

"त्या निकालाला टाळ्या पडल्यात."

"पण सर, ते टाकीचं पाणी होतं."

"तुला डिग्री पाहिजे की मीठ?"

पेठ वडगावच्या कॉलेजातली माझी नोकरी डिग्रीसाठी अडली होती. मी आलेख उचलला आणि घरी नेला. प्रबंधात नवमीची रीडिंगंच गेली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच प्रकरण उघडलं. "किती स्वच्छ काम!" म्हणाले. शाल सरांना मिळाली. मी पेढे वाटले.

नोकरी लागून काही वर्षं झाल्यावर लांबच्या एका विद्यार्थ्याचं पत्र आलं. माझा प्रयोग त्याला काही केल्या जमत नव्हता. "मिठाची बाटली सारखी आधी घट्ट होते, माझंच काहीतरी चुकतंय," असं त्यानं नम्रपणे लिहिलं होतं. शेवटी विचारलं होतं, "आपण कोणतं पाणी वापरलंत?"

मी पोस्टकार्डावर एकच शब्द लिहून पाठवला: डिस्टिल्ड.

त्याचं आभाराचं पत्र आलं. आपली चूक तो अजून शोधतोय, असं त्यात होतं.