शालूच्या पानावरची खूण

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही, आणि तिला माझ्या मोबाइलचा पासवर्डसुद्धा माहीत आहे. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि आता नाही सांगितलं तर पुढे कधीच सांगणार नाही, एवढं मी स्वतःला ओळखतो.

मी परभणीत वेबसाइट बनवतो. गेल्या महिन्यात स्वतःचीच वेबसाइट नव्याने करायला घेतली. परिचयाच्या पानावर ठरलेले रकाने असतात — पार्श्वभूमी, कामाचा अनुभव, आवडीनिवडी. दुसऱ्यांची अशी पानं मी कितीतरी लिहिली. डॉक्टरांची, बियाण्यांच्या दुकानदारांची, शिकवणी घेणाऱ्यांची. स्वतःचं लिहायला बसलो आणि अडलो.

पार्श्वभूमी सोपी होती. गाव वालूर. वडील लवकर गेले. मागे आई, मी, आणि माझ्याहून सहा वर्षांनी लहान बहीण शालू. बारावीनंतर परभणीला आलो, एका छापखान्यात लग्नपत्रिका जुळवायचं काम धरलं. संगणक तिथेच हाताला लागला. पुढचं ज्याला-त्याला विचारून, चुकतमाकत शिकलो. आवडीनिवडीही सोप्या — जमाखर्च तपासणं. हसू नका, खरंच आवडतं. आमच्या सोसायटीचा हिशेब वर्षानुवर्षं मीच तपासतो. लोक म्हणतात, ह्याच्या हातून चूक व्हायची नाही.

झालीही नाही. मी जे केलं ती चूक नव्हती. चूक नकळत होते.

अडलो ते अनुभवाच्या रकान्यात. माझं पहिलं मोठं काम म्हणजे आमच्या समाजाच्या मंडळाची वधू-वर सूचक वेबसाइट. त्याआधी मंडळ मेळाव्यात बायोडाटांची छापील पुस्तिका वाटायचं. मी ती सगळी स्थळं संगणकावर आणली. घरबसल्या शोधता येऊ लागली. त्या कामाने माझं नाव झालं. अगदी सुरुवातीला टाकलेल्या पानांत शालूचं पान होतं — मीच भरलं. उंची, शिक्षण, शिवणकाम येतं, आवड शब्दकोडी सोडवणे. अपेक्षा: नोकरी असलेला, परभणी-सेलूकडचा.

आणि इथे एक गोष्ट झाली, ती कुणाच्याच लक्षात आली नाही. नातेवाइकांनी शालूसाठी बघायचं सोडून दिलं. मामा आईला म्हणाले, “अक्का, तुमाला काय घोर? अख्ख्या समाजाची स्थळं तुमच्या पोराच्या खिशात हायती.” आई हसली. तेव्हापासून कुणी पाहुणा स्थळ घेऊन वालूरला आला नाही. सगळे दरवाजे बंद होऊन एकच उघडा राहिला, आणि त्याची कडी माझ्या हातात होती. मला हे कळत होतं का? हो. कळत होतं.

त्याच वर्षी आईला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. शालूने तिचं सगळं अंगावर घेतलं — उठवणं, धुणं, भरवणं. मी परभणीत दोन खोल्यांत, बायकोची शाळेची नोकरी, माझं काम नुकतंच मार्गी लागलेलं. आईला वालूर सोडायचं नव्हतं, हेही खरं. पण तिला इकडे न आणण्याचं ते कारण नव्हतं. कारण वेगळं होतं, आणि ते मी अजून लिहिलेलं नाही — बघा, अजूनही फिरतोच आहे.

एक फोन आला. देवगाव फाट्याकडच्या एका शाळेत शिक्षक होते, वेबसाइटवरून नंबर घेतलेला. आवाज संकोची. म्हणाले, “ताईंनी आवडीत शब्दकोडी लिहिलंय. मलाही नाद आहे त्याचा. म्हणलं रीतसर यायच्या आधी विचारावं, स्थळ अजून आहे का.”

मला तो माणूस आवडला. सगळं त्यातच आलं. आवडला नसता तर नकार देऊन मोकळा झालो असतो, खोटं बोलायची गरजच पडली नसती. पण हे जमेल, असं मला त्या एका वाक्यात दिसलं. आणि जमलं तर आई माझ्याकडे येईल, हेही दिसलं.

“जमलंय तिचं,” मी म्हणालो. “मागच्याच आठवड्यात.”

“अरे वा,” ते म्हणाले. “माझ्याकडून अभिनंदन सांगा त्यांना.”

फोन ठेवला. मग मी शालूच्या पानावर ‘विवाह निश्चित’ अशी खूण केली. लग्न जमलं की मंडळ ही खूण करायचं, आणि खूण केलेलं पान शोधात येत नसे. पण ज्याचं पान त्याला ते आपल्या खात्यातून जसंच्या तसं दिसे, खूणसुद्धा दिसत नसे. ही सोय माझीच. लोकांना आपलं पान बघायला आवडतं, असं मी मंडळाला पटवलं होतं.

थोडे दिवस, मी मनाशी म्हणालो. आईसाठी बाई मिळेपर्यंत. मी बाई शोधली का? नाही. एकदाही नाही.

शालू आधी सेलूच्या नेट कॅफेतून पान बघायची, पुढे मोबाइलवरून. तिला तिचा फोटो दिसायचा, नाव दिसायचं. सगळं जागच्या जागी. फोन झाला की शेवटी हळूच विचारायची, “दादा, कुनी इचारलं का रे?” मी म्हणायचो, नाही अजून. “बरं,” म्हणायची आणि आईच्या औषधाचं बोलायची. पुढे पुढे विचारणं थांबलं. मला बरं वाटलं — हेही लिहून ठेवतो.

पण पान ती बदलत राहिली. कुणीही काही बदललं की ते मंजुरीला माझ्याकडे यायचं. पहिल्यांदा तिने ‘नोकरी असलेला’ काढून ‘शेती असली तरी चालेल’ लिहिलं. मी मंजूर केलं. मग ‘विधुर चालेल’. मंजूर. ‘मूल असलं तरी हरकत नाही’. मंजूर. माझी बहीण एकेक पायरी खाली उतरत होती, आणि पायऱ्या जिथे संपतात तिथे दार नाही हे मला एकट्याला ठाऊक होतं. शेवटी त्या रकान्यात तिने लिहिलं, ‘अपेक्षा नाहीत’. मी तेही मंजूर केलं. हाताला काही झालं नाही. बटण दाबायला कितीसा जोर लागतो?

आई पुष्कळ वर्षं अंथरुणावर जगली. ती गेली तेव्हा शालूने चाळिशी ओलांडली होती. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि मी परभणीला येऊन ती खूण काढली. पान पुन्हा शोधात आलं. तोवर लोक मोठ्या ॲपवर आणि व्हॉट्सॲपच्या गटांवर गेले होते, आमची वेबसाइट ओस पडली होती. त्यानंतर मात्र खरंच कुणी विचारलं नाही. माझं ‘नाही अजून’ खरं झालं.

परवा वालूरला गेलो होतो. शालू आता तिथे एकटीच राहते, ब्लाउज शिवते, तिचं बरं चाललंय. मशीनवरून न उठताच म्हणाली, “दादा, त्या वेबसाइटीवरचं माझं पान काढून टाक.”

मी म्हणालो, काढतो की.

“आता काढ, माझ्यासमोर. लोक बघायलेत अजून. म्हनत असतील, ही म्हातारी हाय का अजून हितंच.” ती हसली. मग मशीन थांबवलं. “एक इचारू का? एवढ्या वर्सांत किती लोकांनी बघितलं असंल रे मला?”

उत्तर मला माहीत होतं. तिला जवळजवळ कुणी पाहिलंच नव्हतं. ज्याने पाहिलं त्याने त्याच दिवशी फोन केला होता. हे सांगायला दोन वाक्यं पुरली असती, आणि आम्ही दोघंच होतो, आणि तिने स्वतः विचारलं होतं. याहून सोपी वेळ माणसाला कधी मिळते?

“बरेच,” मी म्हणालो. “पुष्कळ लोकांनी.”

“मंग बरोबर हाय,” ती म्हणाली. “एवढ्या लोकांनी बघून जर न्हाई म्हनलं, तर माझ्यातच काही असंल. मी उगं नशिबाला बोल लावत बसले.”

तिच्यात काही नव्हतं. हे वाक्य मी इथे लिहू शकतो. तिथे लिहिण्याचा नाही, म्हणण्याचा प्रश्न होता, आणि मी मोबाइल काढला. पान उघडलं. तिने वाकून आपला जुना फोटो पाहिला, पदर नीट नव्हता म्हणाली. कायमचं काढायचं का, असं स्क्रीनवर आलं. मी तिच्याकडे बघितलं, तिने मान हलवली, मी दाबलं.

“सुटले बाई,” ती म्हणाली. चहा ठेवायला उठली, आणि आतूनच, सहज, रोजच्या आवाजात म्हणाली, “तू लय केलंस रे दादा माझ्यासाठी. दुसरा भाऊ आसता तर कदीच कटाळला आसता.”

मी नाही म्हणालो नाही. चहा घेतला, तिने शिवून ठेवलेले बायकोचे ब्लाउज पिशवीत घातले, आणि परभणीची गाडी धरली.