नवऱ्याचा न्यूनगंड

माझ्या नवऱ्याला न्यूनगंड आहे हे मला लग्नाला पंचवीसेक वर्षं झाल्यावर कळलं. तोवर मी त्याला नुसतं शिष्ट समजत होते.

झालं असं, की नोकरी सोडल्यावर मी घाटकोपरला समुपदेशनाच्या वर्गाला जाऊ लागले. तिथल्या बाईंनी एक सिद्धांत शिकवला. लहानपणी प्रत्येकालाच आपण कमी आहोत असं वाटतं, आणि मग माणूस ते भरून काढायला जन्मभर धडपडतो. कुणी काम करून, कुणी फुशारक्या मारून. उतारा एकच, माणसांत मिसळायचं, त्यांच्या उपयोगी पडायचं. गृहपाठ होता, घरातल्या एकाचा अभ्यास करा. घरात आम्ही दोघंच. बकरा ठरलेलाच होता.

नमुनाही अस्सल. आम्ही राहतो कांजूरमार्गला, हा जगाला सांगतो शेजारची पॉश पवई. कचऱ्याच्या डंपिंग ग्राउंडकडून वारा सुटला की खिडक्या लावत म्हणतो, "पवई तलावाचा वास आहे."

"तुझी अगदी पहिली आठवण कुठली रे?" मी विचारलं.

"काकाच्या लग्नातला फोटो. तिघे भाऊ पुढे, मी मागे. टाचा उंचावल्या, तरी फोटोत माझे फक्त केस आले."

मला हसू आवरेना. "म्हणूनच तू असा!"

"असा म्हणजे?"

मी सिद्धांत समजावून सांगितला. तो उठून बेडरूममध्ये गेला आणि दार लावून घेतलं.

मग संध्याकाळी मी त्याला बळेच खाली पाठवलं. पार्किंगमध्ये बिल्डिंगमधले म्हातारे कॅरम खेळतात. तासाभरात तो लालबुंद होऊन परत आला. तिसऱ्या मजल्यावरच्या मालवणी आजोबांनी त्याला धुतलं होतं, वर विचारलंही होतं, "पवईत कॅरम नसता काय?"

दुसऱ्या दिवशी तो आपणहून गेला. मिसळायला कसला, सूड घ्यायला! रोज हरायचा, रोज जायचा.

पुढे आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं खाली येणं थांबलं. तर घरात पाण्याची बाटलीही न भरणारा माझा नवरा कॅरम बोर्ड डोक्यावर घेऊन जिने चढू लागला, कारण बोर्ड लिफ्टमध्ये मावेना. मग आजोबांची औषधं आणू लागला. मग त्यांना धरून पॅसेजमध्ये चालवू लागला. आणि अधूनमधून चक्क जिंकूही लागला.

मी हे सगळं वर्गात ऐटीत वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, "छान. पण नवऱ्यात कमी शोधायची तुम्हाला एवढी हौस का?"

अख्खा वर्ग हसला. माझे कान तापले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर त्याच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. "झकास बाई आहे यार! फी वसूल!"

त्या रात्री मी कारलं केलं.

पुढच्याच रविवारी तिसऱ्या मजल्यावरून बोलावणं आलं, चौथा भिडू हवा होता. आजोबा आणि नवरा एकीकडे, आजी आणि मी दुसरीकडे. माझा स्ट्रायकर लागोपाठ भोकात जाऊ लागला.

"गो, तुका जमणा नाय तां आदी सांगूक नको?" आजी म्हणाल्या.

"मग शिकवा ना," मी म्हटलं.

त्यांनी माझं बोट धरून नेम कसा घ्यायचा ते दाखवलं. मग नवऱ्याकडे मान उडवून म्हणाल्या, "ह्येका पण मीयाच शिकयलंय."

आजोबांनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पंख्याकडे बघत होता.