तांदळातला दीर्घ ऊकार

हडपसरच्या पलीकडे, जिथे दुपार कलली की इमारतींच्या सावल्या वांग्यांवर पडतात, तिथे शकुबाईंचं वीस गुंठे रान आहे. सकाळी अंघोळ, तुळशीला पाणी, मग रानाला. पण हल्ली चैत्र आला की पाणी तुळशीपुरतंच उरायचं. आजूबाजूला बोअर झाल्या आणि विहिरीने तळ गाठला. ठिबक बसवलं तर उन्हाळी वांगं तग धरणार होतं, आणि ठिबकाला सरकारी अनुदान होतं. ते नाही मिळालं तर रान पडीक ठेवायचं, असं दिवाळीतच घरात ठरलं होतं.

अर्ज अडला तो नावापाशी. आधार कार्डावर शकुंतला, माहेरचं नाव. सातबाऱ्यावर मुक्ता, सासरचं. यजमान गेल्यावर तेच लागलेलं.

तलाठी भाऊसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "आजी, अनुदान एकीलाच मिळतं. दुसरी कुठे आहे?"

"दुसरी बी मीच हाय."

"मग दोघींनी आपसात ठरवा आणि या."

सून ऋतुजा घरी येऊन म्हणाली, "आई, सिंपल आहे. सातबाऱ्यावरचं मुक्ता काढून टाकू. नाहीतरी सगळे तुम्हाला शकुबाईच म्हणतात."

शकुबाई गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या की घरात सगळ्यांना धडकी भरते. सांजवात लावून झाल्यावर म्हणाल्या, "एक नाव बापानं दिलं, एक ह्यांनी. त्यातलं एक पुसून रानात पानी आनलं, तर ते गोड लागंल का गं?"

ऋतुजा वरमली. दुसऱ्या दिवशी तीच ऑफिसात गेली. "दोन्ही नावं ठेवता येतील का, साहेब?"

"मग ऊर्फ लावा की! प्रतिज्ञापत्र आणा, आणि बाई तीच आहे हे सांगणारं एखादं जुनं माणूस."

जुनं माणूस म्हणजे हेमावन्सं, शकुबाईंच्या थोरल्या नणंद. खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्या सुरू झाल्या.

"लग्नात माझ्या भावानं परातीतल्या तांदळात अंगठीनं हिचं नाव लिवलं. पन येड्यानं मु दीर्घ काढला, मूक्ता! मी म्हनलं, आरं, मुकी बायकू पायजे व्हय तुला? सगळा मांडव हसला. मग बोटानं शेपूट फिरवलं त्यानं. आन् तवापासून ही मुक्ती एक दिस तरी गप बसली का, इचारा!"

"वन्सं, हपिसात तरी..." शकुबाईंनी पदर तोंडाला लावला.

भाऊसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. "असलं कुणी रचून सांगत नाही," म्हणाले आणि जबाब लिहून घेतला.

नोंदीचा मसुदा तपासायला बोलावलं, तेव्हा शकुबाईंनी एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं. शकुंतला ऊर्फ मूक्ता.

"भाऊसाहेब, तेवढं शेपूट फिरवा. सरकारनं तरी मला मुकी करू नये."

"सरकारची टाप नाही, आजी," म्हणत त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्ती केली.

अर्ज मंजूर झाला. सरींवरून काळ्या नळ्या धावल्या, आणि भर चैत्रात प्रत्येक झाडाच्या बुडाशी थेंब थेंब पाणी पडू लागलं. पहिला तोडा मार्केट यार्डला निघाला, त्याआधी शकुबाईंनी दोन वांगी देवापुढे ठेवली.

"दोन कशाला, आई?" ऋतुजाने विचारलं.

"एक शकूचं, एक मुक्तीचं."