बिनगुळाची भेदरं

दादा, अकोल्याच्या स्टेशनावर तू मला गाडीत बसवून दिलंस तेव्हा मी खिडकीतून बाहेर पाहिलं नाही. तुला वाटलं असेल, पोर रडते आहे, तोंड लपवते आहे. मी रडत नव्हते. मला काहीच होत नव्हतं. मांडीवर मायनं दिलेली टोपली होती. तिच्यात आपल्या मळ्यातली पिकलेली भेदरं, ज्यांना इकडे सगळे टमाटे म्हणतात ती, त्यांच्यावर हिरव्या मिरच्या आणि वर पळसाची पानं. टोपली कलंडू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

समोरच्या बाकावर ते बसले होते. आदल्या दिवशीपर्यंत मी त्यांना भाऊजी म्हणत होते. आता काय म्हणायचं ते कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून बडनेरा येईपर्यंत मी काहीच म्हटलं नाही.

आपली थोरली गोदाबाई दिवाळीच्या आत बाळंतपणात गेली. तान्हं पण गेलं. मागे राहिली तिची सहा वर्षांची यमू. आबा विहिरीच्या थारोळ्यापाशी उभे राहून मला म्हणाले होते, "यमीले सावतर माय येण्यापक्षा तूच जाय." माय वाफ्यात पाणी वळवत होती. तिनं मान वर केली नाही. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगितलं असतं, कोण जाणे. लग्न अकोटच्या मारुतीच्या देवळात लागलं, वाजंत्रीशिवाय. दुःखाच्या घरात वाजंत्री कशी लावायची?

बडनेऱ्याचं रेल्वेचं क्वार्टर म्हणजे एक खोली, एक पडवी आणि मागे हातभर अंगण. ते पॉइंटमन होते, रुळांचे सांधे बदलायचे. घरात ड्यूटी, शंटिंग, मालगाडी हेच शब्द. खोलीत गोदाबाईचं सगळं जिथल्या तिथे होतं. तिचं पितळी ताट, तिचा फणी-करंड्याचा डबा, लुगडं टाकायची तिची दोरी. मी त्याच ताटात जेवायला लागले, त्याच दोरीवर लुगडं टाकायला लागले. सासूबाई वाईट नव्हत्या. पण हाक मारताना त्यांच्या तोंडून "गोदे" निघायचं आणि मी "जी" म्हणायचे. चूक त्या दुरुस्त करत नव्हत्या, मीही करत नव्हते. दिवसभर हात चालायचे. झाडणं, दळणं, यार्डातून वेचून आणलेला कोळसा पेटवणं. माझे हात दुसऱ्याच कोणाचे तरी आहेत असं वाटायचं.

यमू मला मावशी म्हणायची, तिच्या जन्मापासून. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी तिला बजावलं, "आता मावशी नाई म्हणाचं. माय म्हण." त्या दिवसापासून पोरीनं मला कसलीच हाक मारली नाही. काही हवं असेल तर समोर येऊन उभी राहायची.

टोपलीतली भेदरं तोवर मऊ पडली होती. काही फुटायला आली होती. मी सासूबाईंना म्हटलं, शिजवून टाकते. त्या म्हणाल्या, "माह्या चुलीवर नाई. तो लाल लाल रस पाह्यला की मले मटनच दिसते. गोदी बाहेर करे." म्हणजे करायची कुठे, हे मला कळेना. तेवढ्यात यमू उठली. अंगणाच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून तीन विटा होत्या, एका बाजूनं काळ्या पडलेल्या. तिनं त्या एकेक उचलून मांडल्या, फुंकर मारून राख उडवली आणि बाजूला उकिडवी बसली.

मी भेदरं धुतली. निखाऱ्यावर फिरवून त्यांची सालं तडकवली आणि पोळत्या बोटांनी सोलून काढली, मायसारखी. पातेल्यात जवसाचं तेल, त्यात ठेचलेला लसूण, हातानं मोडलेल्या मिरच्या. मिरचीचा ठसका उठला तसं शेजारच्या क्वार्टरमधून कोणीतरी खोकलं. मग भेदरं हातानंच कुस्करून टाकली. पाण्याचा थेंब घालायचा नाही, आपल्याच रसात रटरटू द्यायचं, हे आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत. मीठ टाकलं आणि बसून राहिले.

"माय गूळ टाकते," यमू म्हणाली.

इतक्या दिवसांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली होती. आपल्या घरी भेदरांत गूळ कधीच कोणी घातला नाही, दादा. तुला तर गोड लागलं की ताट सरकवायची सवय. गोदाबाई गूळ कधीपासून घालायला लागली? लेकराला तिखट सोसेना म्हणून घातला असेल. या अंगणात, या विटांपुढे बसून तिनं आपल्या मायची रीत बदलली आणि आपल्याला पत्ताच नव्हता. ती गेल्याचं मला चार महिन्यांपासून ठाऊक होतं. तरी ती इथे राहत होती, हे मला त्या घडीला पहिल्यांदा कळलं.

मी आत जाऊन गुळाचा खडा आणला. हातात धरून बसले. मग वाटीभर भेदरं वेगळी काढली, त्यात तो खडा घोळला आणि यमूपुढे ठेवली. "हे तुह्या मायवानी," मी म्हटलं. "आन् हे पातेल्यातलं माह्यं. आमी बिनगुळाचं खातो."

पोरीनं भाकरीचा तुकडा वाटीत बुडवून खाल्ला. मग माझ्याकडे पाहिलं, दुसरा तुकडा पातेल्यात बुडवला आणि तोंडात टाकला. तिचे डोळे भरून आले, नाक वाहायला लागलं आणि ती रडायला लागली. आधी बारीक, मग मोठ्यांदा. माय गेल्यावर ती एकदाही रडली नव्हती, असं सासूबाईंनी मला सांगितलं होतं. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तिनं तो ढकलला आणि माझ्या मांडीत तोंड घातलं.

ते तेवढ्यात ड्यूटीवरून आले. दारातच थांबले. "काहून व, काहून रडून राहिली?"

"मावशीचं लय तिखट हाय," यमू हुंदक्यातून म्हणाली.

आतून सासूबाई ओरडल्या, "मावशी नाई! माय म्हण तिले!"

"राहू दे, बुढे," ते म्हणाले. "मावशी हाय, मावशीच म्हणू दे." मग विटांजवळ बसले, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मलेबी तेच वाढ. बिनगुळाचं."

मला रडू आलं नाही. आनंदही झाला असं म्हणवत नाही. फक्त त्या संध्याकाळी मला भूक लागली, आणि मी पोटभर जेवले.

पुढे माझी पोरं झाली. यमूचं ऐकून तीही मला मावशीच म्हणायला लागली, मग क्वार्टरांची सगळी लाइन. तेलंगी फिटरची बायकोसुद्धा. आपल्या गावाकडून अशाच कोणाच्या तरी रिकाम्या जागी गेलेल्या पोरी मला पुढे पुष्कळ भेटल्या. त्या विचारायच्या, मन कधी रमलं? मला सांगता यायचं नाही. रमलं असं नव्हे. हळूहळू हात आपले वाटायला लागले, इतकंच.

आता त्या दिवसाचं. आबा गेल्यावर मी मायला पाहायला अकोटला आले होते. मायची नजर गेली होती, आठवणही घोटाळत होती. पायरीवर माझं पाऊल वाजलं तशी ती म्हणाली, "गोदे, आली व?" तू घाईनं सांगायला निघालास की गोदा नाही, धाकटी आहे. मी तुला हातानं थांबवलं आणि म्हटलं, "हो माय, आली." तिनं माझं तोंड चाचपलं, केस चाचपले. यमी कशी हाय, विचारलं. बरी हाय, म्हटलं. मायच्या हाताखाली मी बसून राहिले, गोदाबाई होऊन, ती झोपेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी निघाले तर तू अंगणात आडवा आलास. "आताच तं आली. दोन दिस राह्य ना."

आणि मी, त्या अंगणात उभी राहून, तुला म्हणाले, "नाई दादा, मले घरी जाऊ दे."

तू माझं गाठोडं उचललंस आणि मोटारीच्या थांब्यापर्यंत पुढे पुढे चालत राहिलास. तुला लागलं असेल. पण मी तुला दुखवायला बोलले नव्हते. तोंडून ते निघालं तेव्हा मलाही ते पहिल्यांदाच कळत होतं.